काळी पाच

आमच्या बाबांनी एकाच नाटकाचे तीन संच जमवले होते आणि त्या तिघांची आपसात भांडणं लावण्यात त्यांच्या उमेदीतले सगळे रविवार गेले. संच म्हणजे ध्वनिमुद्रणं. नाटक एकच, पदं तीच, संवाद तेच. गाणारी आणि बोलणारी माणसं तेवढी वेगळी. नाटक संगीत होतं, गाजलेलं होतं, आणि बडोद्याच्या नागरवाड्यातल्या आमच्यासारख्या मराठी घरांत ते पाढ्यांच्या खालोखाल पाठ असायचं. आजोबा संस्थानच्या नोकरीत होते आणि त्यांनी या नाटकाचा खेळ दरबारी पाहुण्यांबरोबर बसून पाहिला होता, असं बाबा सांगायचे. कितव्या रांगेत बसून ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

पहिला संच फार जुना, स्वातंत्र्याच्या आधीचा. त्याच्या तबकड्या पुण्याच्या एका नातेवाइकांकडे होत्या. त्यांनी त्या आपल्या चावीच्या ग्रामोफोनवर वाजवल्या, समोर टेपरेकॉर्डर ठेवला आणि बाबांना एक कॅसेट करून पाठवली. दुसरा संच त्यानंतरच्या पिढीचा, एलपीवरचा. तिसरा तेव्हा नवाकोरा होता. बाजारात रोज काहीतरी नवं येत होतं, त्यातच तोही लहरीपुऱ्यातल्या एका दुकानात चकचकीत डबीतून आला. त्यात सिंथेसायझर होता, आणि तो ऐकल्यावर बाबांना दिवसभर जेवण गेलं नव्हतं.

रविवारी सकाळी बाबांचे चार-पाच मित्र यायचे. सगळे साठीच्या आसपासचे, सगळे मराठी, सगळ्यांचे कान तिखट आणि जिभा त्याहून. त्यांतले एक निवृत्त हेडमास्तर होते. ते आयुष्यभर मुलांना मारायचे, आता मारायला कुणी उरलं नव्हतं म्हणून गायकांना मारायचे. आधी चहा व्हायचा, मग बाबा टेप सुरू करायचे आणि ऐकता ऐकता सेव-उसळ. एक पद घ्यायचं आणि ते तिन्ही संचांतलं एकापाठोपाठ ऐकायचं. बाबांच्या मांडीशी पेटी असायची. भाता हलवत ते एकेक पट्टी दाबून बघायचे आणि गाणारीचा सा कुठे लागतो ते सांगायचे. मग निकाल.

निकाल ऐकण्यासारखे असायचे. तिसऱ्या संचातल्या नायिकेबद्दल बाबा म्हणायचे, "हिला जन्माची सर्दी आहे." दुसरीबद्दल हेडमास्तर म्हणायचे, "ही गातेय की वाण्याला सामान सांगतेय?" सगळे खोखो हसायचे. मीही हसायचे, कारण ते खरंच मजेदार होतं आणि ज्यांच्याबद्दल बोलायचे त्या बायका तिथे नव्हत्या.

पहिल्या संचातली नायिका लागली की मात्र कुणी बोलायचं नाही. तिचं तिसऱ्या अंकातलं पद शेवटी ठेवलेलं असायचं. ते सुरू झालं की बाबा चष्मा काढून पेटीवर ठेवायचे. बस, एवढंच. डोळे मिटायचे नाहीत, मान डोलवायचे नाहीत, वाहवा नाही. चष्मा काढला म्हणजे यापुढे तपासायचं काही नाही. बाबांचा चष्मा दुसऱ्या कुणासाठी उतरलेला मी पाहिला नाही, आईसाठीही नाही.

या सगळ्यातून बाबांनी एक सिद्धांत काढला होता. पेटीवर एका सप्तकात पाच काळ्या पट्ट्या असतात. पहिल्या संचातली नायिका गायची काळी पाचमध्ये. दुसरी आणि तिसरी, दोघी काळी चारमध्ये, म्हणजे एक पट्टी खाली. "बघा," बाबा म्हणायचे, "पिढी बदलली आणि पट्टी उतरली. पूर्वीच्या बायका माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचायच्या. यांना तोंडाशी माईक हवा आणि वर पट्टी खाली हवी. छातीत दमच नाही." पट्टीवरून ते बायकांच्या छातीवर, तिथून शिस्तीवर, तिथून देशाच्या अधोगतीवर जायचे, आणि हेडमास्तर "शुं वात छे!" म्हणत मांडीवर थाप मारायचे. अस्सल मराठी मंडळी ती, पण बडोद्यात दाद द्यायची झाली की तोंडातून गुजरातीच यायची.

बाबा बाजव्याकडच्या रिफायनरीत प्रयोगशाळेत होते. तापमान दोनदा बघितल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, हे ते आम्हाला जेवताना शिकवायचे. आमटी गरम आहे की नाही यावरही पुरावा मागायचे. एवढ्या तपासणाऱ्या माणसाने पुण्याचा तो ग्रामोफोन किती जोरात फिरतो हे एकदाही विचारलं नाही. आवडत्या गोष्टीला कुणी थर्मामीटर लावत नाही, हेच खरं.

आईला मात्र शंका यायची. ती शाळेत शिकवायची, गाण्यातलं कळत असल्याचा तिचा दावा नव्हता. एकदा चहाचे कप उचलताना ती सहज म्हणाली, "या पहिल्या संचातली माणसं एवढी घाईत का असतात हो? गाडी पकडायची असल्यासारखी बोलतात. आणि नायक तर मिसरूड न फुटलेला वाटतो."

"तुझे कान कुकरच्या शिट्ट्या मोजायला ठीक आहेत," बाबा म्हणाले. मंडळी हसली. आई कप घेऊन आत गेली आणि त्या विषयावर पुन्हा बोलली नाही.

आता ताईबद्दल. ताई माझ्याहून मोठी, आणि आमच्या घरात गळा असलेली ती एकटीच. मी गायले तर शेजारचे खिडकी लावून घ्यायचे. ताई गल्लीपलीकडच्या एका बाईंकडे गाणं शिकायची. बाईंचा स्वभाव कडक होता, पण ताई गायला लागली की त्यांचा चेहरा पोळी टम्म फुगल्यावर आईचा होतो तसा व्हायचा. ताईचा आवाज भरीव होता. त्यात जोर नव्हता, पण तो खोलीत सगळीकडे पोचायचा. तिची पट्टी काळी चार. त्या पट्टीत ती गायली की तिला काही करावं लागतंय असं वाटायचंच नाही.

ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या मंडळाने गणेशोत्सवात तेच नाटक करायचं ठरवलं. हौशी मंडळी, पण तयारी जबरदस्त. संगीत मार्गदर्शन अर्थातच बाबांकडे आलं, आणि नायिकेसाठी सगळ्यांनी एकमुखाने ताईचं नाव घेतलं. त्या दिवशी ताई घरभर नाचली. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाबांनी माझ्या पदाला एकदा चष्मा काढायला हवा. बस. मग मेले तरी चालेल."

मी म्हटलं, "एवढंच ना? काढतील की." लहान होते. मला वाटलं, चष्मा काढायला काय लागतं?

मी घरातला टेपरेकॉर्डर पिशवीत घालून बाईंकडे घेऊन गेले. बाईंनी तंबोरा घेतला, ताईने तिसऱ्या अंकातलं ते पद गायलं आणि मी ते टेप केलं. काळी चारमध्ये. मी आयुष्यात फार गाणं ऐकलेलं नाही, जे ऐकलं त्यातलं फारसं लक्षात नाही, पण ते लक्षात आहे. नायिकेला नवऱ्याने टाकलंय आणि ती देवळाच्या पायरीवर बसून त्याला दोष न देता गाते, असा तो प्रसंग. पद संपल्यावर बाईंनी तंबोरा भिंतीला टेकवला. मग आतून साखर आणून आमच्या दोघींच्या हातावर ठेवली.

ताईने ती कॅसेट बाबांना दिली. बाबांनी लावली. पेटीवर पट्टी शोधली. दोन ओळी ऐकल्या. चष्मा जागेवर होता.

"काळी चार," ते म्हणाले आणि त्यांनी बटण दाबून बंद केलं.

दुसऱ्या दिवशी ते कामावरून आले आणि त्यांनी ताईला तिची कॅसेट परत दिली. "लाव," म्हणाले. तिने लावली. तिचं गाणं त्यात नव्हतं. त्यावर पहिल्या संचातल्या नायिकेचं तेच पद त्यांनी उतरवलं होतं, पुन्हा पुन्हा, कॅसेट संपेपर्यंत. "रोज ऐक," बाबा म्हणाले. "यात तुझं जे होतं ते कुणाच्या कामाचं नव्हतं."

ताई म्हणाली, "बरं." मला आजही त्या दुपारचा राग येतो. दुसरी कॅसेट आणायला लहरीपुरा काही परदेशात नव्हता.

तालमी उन्हाळ्यापासूनच सुरू झाल्या, काळी पाचमध्ये. ताई वरच्या सुरांना ताणून पोचायची. पोचायची हे खरं, पण पोचल्यावर तिथे ती उभी राहू शकायची नाही. बाई एकदा घरी आल्या. चपला काढून दारातच उभ्या राहिल्या आणि बाबांना म्हणाल्या, "पोरीचा गळा चारचा आहे. पाचला ओढू नका. तुटेल."

बाबा म्हणाले, "बाई, तुम्ही शिकवायचं काम करा. ऐकायचं काम आमच्यावर सोडा. ज्या बाईने हे पद अजरामर केलं ती पाचला गायची. माझ्याकडे पुरावा आहे." आणि त्यांनी टेप लावून, पेटीची काळी पाच दाबून दाखवली. दोन्ही सूर चिकटले. पुरावा तर कानाला ऐकू येत होता.

"मग मला हे फावणार नाही," बाई म्हणाल्या आणि चपला घालून गेल्या. ताईची शिकवणी त्या दिवशी सुटली.

पुढचे दिवस घरभर ज्येष्ठमधाचा वास असायचा. मिठाच्या गुळण्या, हळदीचं दूध, गळ्याला मफलर. आणि बाहेर बडोद्याचा उन्हाळा असा की डांबर चपलेला चिकटायचं. मुलीने घसा धरला की आई बाबांकडे बघायची आणि बाबा पेपरात बघायचे. एकदा ताई कळवळून म्हणाली, "बाबा, मला पाच नाही फावत हो."

"फावत नाही हा शब्द गुजराती आहे," बाबा म्हणाले. "मराठीत त्याला आळस म्हणतात."

मला तेव्हा ते फार हुशारीचं वाटलं नाही. त्यांना वाटलं असावं, कारण पुढच्या रविवारी त्यांनी ते मंडळींना पुन्हा सांगितलं. हेडमास्तरांना तर इतकं आवडलं की ते जाताना "आवजो" म्हणायच्या ऐवजी तेच म्हणून गेले.

नाटकाचा दिवस आला. सभागृह भरलं होतं. आजूबाजूच्या सगळ्या मराठी घरांना कुलपं लागली होती, बायका शालू नेसून आल्या होत्या, मध्यंतरासाठी बटाटेवड्यांचे घाणे निघत होते. मंडळातला एकजण रंगमंचाखाली टेपरेकॉर्डर घेऊन बसला होता. मंडळाचा नियमच होता, प्रत्येक नाटक टेप करायचं. बाबा पहिल्या रांगेत, मधोमध. हेडमास्तर त्यांच्या शेजारी.

पहिला अंक चांगला गेला. दुसऱ्यात ताईचा आवाज चरचरायला लागला. तिसऱ्यात ती देवळाच्या पायरीवर येऊन बसली तेव्हा मी विंगेत पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. अंतऱ्यात वरचा सूर आला आणि तिचा आवाज फाटला. चिरकला असं म्हणतात, पण ते तसं नव्हतं. कापड फाडताना येतो तसा आवाज आला आणि मग नुसती हवा.

मग मागून कुठूनतरी हसण्याची लकेर आली. आणि त्या हसण्यातून कुणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!"

ज्यांनी संगीत नाटकं पाहिली नाहीत त्यांना सांगायला हवं. पद आवडलं की प्रेक्षक वन्स मोअर देतात आणि गाणाऱ्याने ते पुन्हा गायचं असतं. आमच्या मंडळाचा मोठेपणा असा की आलेला वन्स मोअर नाकारायचा नाही. पिढ्यान् पिढ्यांची रीत. ती कुणी थट्टेसाठी वापरेल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, पण रीत म्हणजे रीत. मागच्या रांगांत दोघा-तिघांनी आवाजाला आवाज दिला. पुढच्यांना वाटलं, खरंच आलाय.

पेटीवाले मायाळू गृहस्थ होते. त्यांनी ताईकडे पाहिलं आणि पट्टी उतरवून काळी चारचा सूर धरला. मी विंगेतून तो ऐकला आणि मला हायसं वाटलं. ताईनेही ऐकला. तिचे खांदे खाली आले.

तेवढ्यात बाबांनी पहिल्या रांगेतून हात वर केला. पाचही बोटं पसरलेली.

पेटीवाल्यांनी तो हात पाहिला. मार्गदर्शन बाबांचं होतं. त्यांनी बोट पुन्हा काळी पाचवर नेलं आणि ताई पुन्हा गायली. अंतऱ्यापर्यंत पोचलीच नाही. दुसऱ्या ओळीतच आवाज गेला. पण पद संपेपर्यंत ती ओठ हलवत राहिली आणि पेटी एकटी वाजत राहिली. पडदा पडला तेव्हा टाळ्या झाल्या. माणसं सभ्य होती ना.

डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं आणि स्वरतंतूंवर गाठी आहेत म्हणून सांगितलं. बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही. मग शस्त्रक्रिया झाली. मग पुन्हा न बोलणं. ताई पाटीवर लिहून मीठ मागायची. आवाज परत आला तेव्हा तो दुसऱ्याच कुणाचा तरी होता, घोगरा आणि खालचा. तिने त्यात एकदा सा लावून पाहिला. मी शेजारच्या खोलीत होते. तिने पुन्हा लावला नाही.

इथपर्यंत कुणी म्हणेल, बापाचं चुकलं, होतं असं, माणूस आहे. मीही म्हटलं असतं. पण त्यानंतर एक रविवार आला.

मंडळाने टेप केलेली कॅसेट बाबांकडे आली होती. त्या रविवारी तिसऱ्या अंकातलं पद निघालं. पहिला संच, दुसरा, तिसरा. मग बाबांनी चौथी कॅसेट लावली. हेडमास्तरसुद्धा चपापले. म्हणाले, "राहू द्या ना." बाबा म्हणाले, "का? माझी मुलगी म्हणून? न्याय सगळ्यांना सारखा."

ताई त्याच खोलीत होती. बश्या मांडत होती. टेपमधून तो फाटण्याचा आवाज आला, ते हसणं आलं, तो वन्स मोअर आला, आणि मग पेटी एकटी वाजत राहिली. ती सगळी म्हातारी माणसं आपापल्या उसळीकडे बघत होती. बाबांनी पेटीवर पट्टी तपासली. खरंच तपासली. मग निकाल दिला.

"पट्टी बरोबर होती," ते म्हणाले. "गळा नव्हता."

ताईने शेवटची बशी हेडमास्तरांसमोर ठेवली, त्यांच्या उसळीवर शेव घातली आणि आत आली. आई तिला जवळ घ्यायला गेली तर तिने आईचा हात बाजूला केला.

वर्षं गेली. बडोदं पसरलं. रेसकोर्सकडे काचेच्या इमारती झाल्या, खाजगी बँका आल्या, ताईला त्यांतल्या एकीत नोकरी लागली. तिला काउंटरवर बसवलं होतं. रोज कुणीतरी कनवाळू गिऱ्हाईक विचारायचं, "बेन, शरदी थई छे?" ती "हा" म्हणायची. काही महिन्यांनी साहेबांनी तिला आतल्या कामावर घेतलं. तिचं लग्न झालं, मुलगा झाला. त्याला झोपवताना ती अंगाई गायची नाही, थोपटायची. गाण्याचा विषय आमच्यात नव्हता. पण मला माहीत होतं की तिला एक वाक्य हवंय. चष्मा नको, तो नाद तिने सोडला होता. बाबांनी एवढंच म्हणावं की तू आळशी नव्हतीस.

मग सीडी आली. पहिल्या संचाच्या मूळ तबकड्या कुठल्यातरी कंपनीने शोधल्या, साफसूफ केल्या आणि योग्य त्या वेगाने उतरवून बाजारात आणल्या. मला ती अलकापुरीतल्या एका दुकानात दिसली. मी ती घेऊन सरळ ताईकडे गेले, जुन्या सवयीने, दुसरं काही मनात नव्हतं. आम्ही लावली.

नायक बोलायला लागला आणि आम्ही एकमेकींकडे बघितलं. तो पुरुष होता. चांगला भरदार, मिशीवाला वाटावा असा पुरुष. नायिका आली. ती सावकाश बोलत होती. पद सुरू झालं. ताईने पलंगाखालून पेटी ओढली, तिच्यावरची धूळही पुसली नाही, आणि काळी पाच दाबली. जमेना. सूर एकमेकांना चावत होते. मग तिने बोट एक पट्टी खाली सरकवलं. काळी चार. सूर चिकटले.

ताई कितीतरी वेळ ती पट्टी दाबून बसली होती. भात्यातली हवा संपली तरी बोट तिथेच. म्हणजे ही सगळ्या अधोगतीच्या आधीची थोर बाई काळी चारलाच गायची. ताईच्या पट्टीत. पुण्याचा ग्रामोफोन जोरात फिरत होता, आवाज एक पट्टी वर गेला होता आणि माणसं घाईत बोलत होती. आईला ते कप उचलताना कळलं होतं.

"रविवारी जाऊ," ताई म्हणाली.

बाबा तेव्हा थकले होते, पण कान शाबूत होते. मंडळींतले हेडमास्तर तेवढे उरले होते, त्यांनाही कानात यंत्र लावावं लागायचं. मी सीडी लावली. नायक बोलला आणि आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आता कशी माणसासारखी बोलतात." बाबांनी तिला गप्प केलं नाही. ते ऐकत होते. पद संपल्यावर त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. मग जुनी कॅसेट मागवली. दोन्ही घड्याळ लावून ऐकली. पेटीवर पट्टी तपासली, दोनदा, जशी प्रयोगशाळेत तपासत असतील तशी. मी काही समजावून सांगायची गरज पडली नाही. शास्त्राचा माणूस तो, आमच्या आधी त्याला कळलं.

"खरं आहे," ते म्हणाले. "चारच. ग्रामोफोन पळत होता."

ताई त्यांच्या समोर जमिनीवर बसली होती. ती पुढे सरकली. तिचे डोळे भरले होते आणि मला वाटलं, आलं आता ते वाक्य. इतक्या वर्षांनी का होईना, या माणसाच्या तोंडातून निघणार.

बाबांनी पेटीचा भाता बंद केला. मग म्हणाले, "म्हणजे हिच्यात काही विशेष नव्हतं. इतर दोघींसारखीच ही. इतकी वर्षं उगाच डोक्यावर घेतली." आणि हेडमास्तरांच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाले, "ही पण चारचीच निघाली हो! फसवणूक झाली आपली!"

हेडमास्तर हळहळले.

"आणि मी, बाबा?" ताई म्हणाली. तिचा तो घोगरा आवाज आणखी बसला होता. "मीही चारचीच होते. बरोबर होते ना मी?"

बाबांनी तिच्याकडे बघितलं. बघण्यात राग नव्हता, काहीच नव्हतं. रिफायनरीतून आलेल्या नमुन्याकडे बघावं तसं. "तुझं चारमधलं कुठे आहे?" ते म्हणाले. "मी ऐकलंय ते पाचमधलं, फाटलेलं. चारमधलं ऐकल्याशिवाय मी मत कसं देणार?"

"होतं," मी ओरडले. माझा तोल गेला होता. "बाईंकडचं होतं. मी स्वतः टेप केलं होतं. तुम्ही त्याच्यावर या नायिकेचं उतरवलंत."

"बरं. मग आता नाही ना?" बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि परत घातला. "नाही, तर विषय संपला."

ताई काहीतरी बोलली. काय ते मलाही नीट ऐकू आलं नाही, ओठ हलताना तेवढे दिसले.

हेडमास्तरांनी कानातलं यंत्र चाचपलं. "काय म्हणतेय ती?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," बाबा त्यांच्या कानात ओरडले. "सर्दी झालीय तिला." आणि त्यांनी मला पुढचं पद लावायला सांगितलं.